आमची वाटचाल: दुसऱ्यांच्या इनबॉक्समधून

"तुमचा व्यवसाय काय?" असं कोणी विचारलं की मी सांगतो, "दुसऱ्यांचं टपाल उघडतो." समोरचा दचकतो, मग खुलासा करावा लागतो. कंपन्यांच्या मेलबॉक्समध्ये ऑर्डरी, बिलं, तक्रारी, अर्ज येऊन पडतात. ते मेल सर्व्हरवरून उतरवून घ्यायचे, मजकूर आणि अटॅचमेंट वेगळ्या काढायच्या आणि ज्याच्या त्याच्या सिस्टिममध्ये नेऊन ठेवायच्या. सगळं स्क्रिप्टच्या, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमच्या जोरावर. सुरुवातीला मी आणि माझा भागीदार असे दोघंच होतो, आता सात जण आहोत.

खरं तर आम्ही वेबसाइट बनवायला बसलो होतो. एका ग्राहकाच्या ऑफिसात काम दाखवायला गेलो असताना तिथल्या ऑर्डर बघणाऱ्या मॅडम एकेक मेल उघडून अटॅचमेंट फोल्डरमध्ये सेव्ह करत होत्या. रोज सकाळचे दोन तास त्यातच जायचे. "अहो, हे आपोआप नाही का होणार?" मी म्हटलं, होईल की! पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसोबत पॉपलिब नावाची लायब्ररी, म्हणजे मेल उतरवण्याचा तयार कोड, येतेच, वेगळं काही बसवावं लागत नाही. सर्व्हरला जोडायचं, नाव आणि पासवर्ड द्यायचा, किती मेल आहेत ते विचारायचं, एकेक मागवायचा. चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट. दुपारी लिहायला घेतली, संध्याकाळी चालू झाली. एवढ्याशा कामाचे पैसे मागताना मला चक्क लाज वाटली होती.

पाच महिन्यांनी तीच स्क्रिप्ट अंगाशी आली.

ती गोष्ट नीट सांगायला हवी, कारण आमची कंपनी आज जशी आहे तशी त्या दिवसामुळे आहे. पॉपलिब ज्यावर चालते तो पॉप३ हा जुना आणि आटोपशीर प्रोटोकॉल, म्हणजे मेल सर्व्हरशी बोलायची ठरलेली पद्धत. आजही चालतो तो नियम १९९६ चा, आरएफसी १९३९ या इंटरनेटच्या नियमपत्रातला. त्यात एक फार समजूतदार सोय आहे. डिलीटची आज्ञा दिली तरी सर्व्हर मेल लगेच पुसत नाही, फक्त खूण करून ठेवतो. तुम्ही 'क्विट' म्हणून रीतसर निरोप घेतलात की मगच खूण केलेले मेल काढून टाकतो. मध्येच लाइन तुटली, प्रोग्रॅम मेला, वीज गेली, तर एकही मेल जात नाही. पुढच्या वेळी सगळे जागच्या जागी. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी आमच्यासारख्यांचा विचार करूनच लिहिलं असावं.

आम्ही ती सोय मोठ्या नीटनेटकेपणाने मोडीत काढली. आमची स्क्रिप्ट एकेक मेल मागवायची, त्यावर डिलीटची खूण करायची आणि मेल मेमरीतल्या यादीत टाकायची. सगळे आले की मग उलगडून सेव्ह करायची. आणि 'क्विट' कुठे? तर 'फायनली' या भागात. म्हणजे आधी काहीही बिघडलं तरी तो भाग चालणारच. कनेक्शन उघडं सोडू नये, चूक झाली तरी बंद करावं, असं आम्ही शिकलो होतो आणि ते मनापासून पाळलं होतं.

मग एक मेल असा आला की त्याच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या माहितीच्या ओळींमध्ये, अक्षरसंचाचं (अक्षरं कोणत्या पद्धतीने बाइटांत लिहिलीत त्याचं) नाव भलतंच होतं. पायथनला ते माहीत नव्हतं. डीकोड करण्याच्या ओळीवर लुकअप एरर आली आणि स्क्रिप्ट कोसळली. कोसळता कोसळता 'फायनली' चालला, त्याने अदबीने 'क्विट' म्हटलं, आणि सर्व्हरने समजून घेतलं की काम झालं. मेल पुसले. मेमरीतली यादी प्रोग्रॅमबरोबरच गेली. एका वाकड्या मेलपायी त्या खेपेचे सगळे चांगले मेलही गेले. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. नुसती लाइन तुटली असती तर काहीही बिघडलं नसतं, हे कळल्यावर तर जास्तच.

रात्रीच्या बॅकअपमधून बरेच मेल परत मिळाले. बॅकअपनंतर आलेले तेवढे राहिले. मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता आणि वेळ होती. त्यावरून यादी केली आणि भागीदाराने आणि मी दिवसभर फोन केले, "तुमचा सकाळचा मेल कृपया पुन्हा पाठवाल का?" त्या ग्राहकाने आम्हाला काढलं नाही. का नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे मेल आधी जसाच्या तसा, एकही बाइट न बदलता, डिस्कवर उतरतो. उलगडायचं काम दुसरी स्क्रिप्ट नंतर करते. ती शंभरदा पडली तरी मूळ मेल हातात असतो. सर्व्हरवरून काढून टाकायचं काम तिसरीचं, तेही काही दिवस उलटल्यावर आणि मोजणी जुळल्यावरच. "एवढी जागा कशाला अडवता?" असं ग्राहक विचारतात. मी वरचा किस्सा सांगतो.

पुढे बहुतेक काम इमॅप या दुसऱ्या मेल प्रोटोकॉलवर गेलं. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये याची सुरुवात केली. आम्ही ज्यावर वाढलो ती आवृत्ती २००३ ची, आणि २०२१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. पॉपमध्ये मेल उतरवून घेऊन जाणं अपेक्षित आहे, इमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात आणि तुमच्याबरोबर दुसरीही माणसं त्याच मेलबॉक्समध्ये वावरत असतात. दुसऱ्याच्या घरात राहताना आवाज करायचा नाही, तसं. हेही अनुभवानेच कळलं. त्याच मॅडमचा फोन आला, "अहो, तुमचा प्रोग्रॅम माझ्या आधी मेल वाचतो का? सगळे वाचलेले दिसतात, नवीन कुठला तेच कळत नाही." खरं होतं. साध्या पद्धतीने मेल मागवला की सर्व्हर त्यावर 'वाचला' अशी खूण करतो. त्याच आज्ञेत 'पीक' हा शब्द घातला की नुसतं डोकावून बघता येतं, खूण होत नाही. आणि मेलबॉक्स 'सिलेक्ट'ऐवजी 'एग्झॅमिन'ने उघडला तर तो फक्त वाचण्यापुरताच उघडतो. एका शब्दाचा फरक, पण तोवर त्यांनी आठवडाभर आमच्या नावाने बोटं मोडली होती.

आमच्याकडे येणारं प्रत्येक नवीन माणूस इमॅपलिबमध्ये, म्हणजे पायथनच्या इमॅपसाठीच्या लायब्ररीत, एका ठिकाणी हमखास अडतं. मेल मागवला की उत्तर म्हणून एक यादी मिळते. तिच्यात एक जोडी असते, जोडीचा पहिला भाग सर्व्हरची ओळ, दुसरा प्रत्यक्ष मेल. आणि यादीच्या शेवटी नुसता एक बंद कंस. बाकी काही नाही. "हा एकटा कंस कुठून आला?" गंमत अशी की सर्व्हर उत्तर देताना कंस उघडतो, मग महिरपी कंसात सांगतो की आता इतके बाइट येताहेत, मग तेवढे बाइट ओततो आणि शेवटी उघडलेला कंस बंद करतो. लायब्ररी हे सगळं प्रामाणिकपणे तुमच्या हातात देते, आवरून देत नाही. म्हणून लोक इमॅपलिबला नावं ठेवतात. मला ती आवडते. समोर काय चाललंय ते दिसतं.

एका ग्राहकाने मेल सर्व्हर बदलला आणि आमच्या स्क्रिप्टने रातोरात त्यांचा जुना अख्खा इनबॉक्स नव्याने आणून ओतला. प्रत्येक ऑर्डर दोनदा. इमॅपमध्ये प्रत्येक मेलला एक युआयडी, म्हणजे ओळखीचा आकडा, असतो आणि 'शेवटचा पाहिलेला युआयडी' आम्ही लिहून ठेवत होतो. पण तो आकडा मेलबॉक्सच्या 'युआयडी व्हॅलिडिटी' नावाच्या दुसऱ्या आकड्याच्या भरवशावर असतो. दुसरा बदलला की पहिल्याला काही अर्थ उरत नाही. आम्ही फक्त पहिलाच जपला होता. आता दोन्ही जपतो, शिवाय मेसेज-आयडी, म्हणजे मेलच्या हेडरमधली त्याची ओळखखूण, ताडून बघतो. तोही काही मेलमध्ये नसतोच, मग मेलच्या बाइटांवरून हॅश, म्हणजे त्या मेलचा जणू ठसा, काढतो.

मराठी विषय असलेल्या मेलांनी आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. हेडरमध्ये सरळ देवनागरी बहुधा येत नाही, ती बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या रूपात, गुंडाळलेली असते. यूटीएफ-८ या अक्षरसंचात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, मात्रा आणि हलन्तसुद्धा, आणि बेस६४ तीन बाइटांची चार अक्षरं करतं. त्यामुळे विषय देवनागरीने सुरू होत असेल तर पहिल्या स्पेसपर्यंत दर चार अक्षरांच्या गटाची सुरुवात सारखीच होते. आधी आकडा चार, मग के, मग एस किंवा डब्ल्यू. लॉगमध्ये "चार-के-एस, चार-के-एस" दिसलं की आम्ही न उलगडता सांगतो, मेल देवनागरीतला आहे.

अडचण लांब विषयांची. असा एक गुंडाळलेला तुकडा जास्तीत जास्त ७५ अक्षरांचा, म्हणून लांब विषयाचे तुकडे पडतात. चिन्ह मध्येच तोडू नये असा नियम आहे, पण काही प्रोग्रॅम बिनदिक्कत तोडतात. एक बाइट या तुकड्यात, दोन पुढच्यात. आम्ही स्वतःच्या हुशारीने लिहिलेला कोड प्रत्येक तुकडा वेगळा उलगडायचा आणि सांध्यावर प्रश्नचिन्हांच्या काळ्या चौकटी उमटायच्या. पायथनची हेडर उलगडणारी तयार सोय मात्र एकाच अक्षरसंचाचे शेजारशेजारचे तुकडे आधी बाइट म्हणून जोडते, मग उलगडायला देते. आमचा कोड काढून टाकला तेव्हा फाईल साठ ओळींनी लहान झाली.

२०२२ साल धावपळीचं गेलं. गूगलने ३० मेपासून आणि मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइन या आपल्या मेल सेवेवर १ ऑक्टोबरपासून नुसत्या पासवर्डने आत येणं बंद करायला घेतलं, त्याजागी ओऑथ पद्धतीचं टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी दाखवायचा तात्पुरता परवाना. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होतं. आमचा एक अख्खा दिवस मात्र भलत्याच कारणाने गेला. टोकनची ओळ बेस६४ करून पाठवायची असं वाचलं होतं, तशी करून दिली. इमॅपलिब ती स्वतःच बेस६४ करते. दोनदा गुंडाळलेलं टोकन सर्व्हर कशाला ओळखेल? त्याला फक्त नाही म्हणता येत होतं आणि आम्ही टोकनलाच दोष देत बसलो होतो.

पीएचपी या दुसऱ्या भाषेतली कामंही केली, पण तिथलं इमॅप एक्स्टेंशन (जोडणी) ८.४ आवृत्तीपासून मूळ भाषेसोबत येत नाही, त्यामुळे ती हळूहळू हलवली. मेल येताक्षणी कळवणारी 'आयडल' सोयही वापरून पाहिली. ती दर २९ मिनिटांच्या आत पुन्हा सुरू करावी लागते आणि मधली फायरवॉल कधी गुपचूप लाइन तोडते ते कळत नाही. पायथनच्या इमॅपलिबमध्ये ती ३.१४ मध्ये आली. आम्ही बहुतेक ठिकाणी दर दोन मिनिटांनी जाऊन बघतो. दोन मिनिटांनी उशिरा आली म्हणून ऑर्डर रद्द झाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

तो वाकडा मेल आम्ही जपून ठेवलाय, पाठवणाऱ्याची माहिती काढून टाकून. 'त्रास' नावाच्या फोल्डरमधली ती पहिली फाईल. कुठलाही कोड बदलला की आधी त्या फोल्डरमधून पार व्हावं लागतं. त्यात आता दोनशेवर मेल झालेत. शेवटचा गेल्या आठवड्यातला. अटॅचमेंट एकच, पण एका हेडरमध्ये तिचं नाव पीडीएफ म्हणून दिलंय आणि दुसऱ्यात झिप म्हणून. भागीदार म्हणतो नियमाप्रमाणे दुसऱ्या हेडरचं मानायचं. मी म्हणतो, आत काय आहे ते बाइट बघून ठरवू. वाद अजून चालू आहे.