फाट्यावरचा तर्री-पोह्यांचा ठेला : माझा अनुभव

तर्री-पोह्यांच्या, म्हणजे चण्याचा तिखट रस्सा घातलेल्या पोह्यांच्या, एका प्लेटीला मला १२ रुपये खर्च येतो आणि ती प्लेट मी २० रुपयांना देते. मधले ८ रुपये, तोच माझा धंदा. हे आधी सांगते, कारण नात्यातल्या, गावातल्या बाया मला विचारतात तेव्हा पहिला प्रश्न मसाल्याचा असतो आणि दुसरा कर्जाचा. प्लेटीच्या खर्चाचं कोणी विचारत नाही, आणि ठेला टिकतो की बंद पडतो ते तिथंच ठरतं.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि सोयाबीन. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. आमचा माल ओला आहे म्हणत व्यापाऱ्यानं ४,००० च्या आसपास नेला. शेतीचा पैसा वर्षातून एकदोनदा येतो आणि आल्या आल्या कृषी केंद्राची उधारी, पीककर्ज यात वाटला जातो. मुलीचं कॉलेज, मुलाचं आयटीआय, आत्याबाईंच्या (माझ्या सासूबाईंच्या) बीपीच्या गोळ्या, हा खर्च मात्र महिन्याच्या महिन्याला. मला रोज हातात पडणारा पैसा पाहिजे होता. वावरातलं काम सोडणं शक्य नव्हतं. माझ्याजवळ वेळ होता तो सकाळी ६ ते १०. त्या वेळात आमच्याकडे हमखास खपणारं खाणं म्हणजे तर्री-पोहे.

ठेला घ्यायच्या आधी बरेच दिवस मी सकाळी फाट्यावर जाऊन नुसती पाहत होते, कोण येतं, किती वेळ थांबतं, खिशात किती असतात. हिंगणघाटला जाणारी कॉलेजची पोरं एसटीसाठी उभी असतात, त्यांच्याजवळ १० रुपयांच्या वर सहसा नसतात. दूधवाले घाईत असतात. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून रातपाळी करून उतरणारे मजूर मात्र भुकेले असतात आणि निवांत बसतात. दसऱ्यानंतर कापूस वेचायला बाहेरगावच्या बाया मालवाहू ऑटोतून येतात. शिदोरी सोबत असते, पण ती दुपारची. सकाळी पोटात चहाशिवाय काही नसतं. हे पाहिलं म्हणूनच पहिल्या दिवसापासून १० रुपयांची हाफ प्लेट ठेवली. हाफ प्लेटीत सुटतं कमी, कारण द्रोण आणि चमचा तेवढाच लागतो. पण आज हाफ खाणारा पोरगा उद्या चार मित्र घेऊन येतो.

फाट्यावर एका काकांची चहाची टपरी आधीपासून आहे. त्यांच्या धंद्यावर मी येते आहे असं त्यांना वाटू नये म्हणून आधी त्यांच्याकडेच गेले. ते म्हणाले, "तू पोहे ठेव, मी चाय ठेवतो. पोहे खाल्ल्यावर मानूस चाय पेतेच. पन तू चाय ठेवू नको बापा." तो शब्द मी आजपर्यंत पाळला आहे, आणि माझी निम्मी गिऱ्हाइकी त्यांच्या बाकड्यावरून आलेली आहे.

जागेचं प्रकरण मात्र किचकट निघालं. फाट्यावरची मोकळी जागा ग्रामपंचायतीची, असं गावात सगळेच धरून चालतात. ग्रामसेवकांनी समजावलं की डांबरी रस्त्याच्या कडेची पट्टी सार्वजनिक बांधकाम विभागाची आहे, तिथल्या ठेल्याला पंचायत ना हरकत देऊ शकत नाही, आणि रस्ता रुंद करायचा ठरला की सगळ्यात आधी ठेलेच उठतात. शेवटी काकांच्याच मालकीच्या जागेत, टपरीच्या बाजूला, महिन्याला ५०० रुपये भाड्यानं ठेला लावायचं ठरलं. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. ओळखीतल्या माणसाशी लिहापढी करायला संकोच वाटतो, पण करावी. आठवडी बाजारात बसायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथली वसुली पंचायत बहुतेक ठिकाणी लिलावानं ठेकेदाराला देते. त्याच्याकडून दर वेळी पावती मागून घ्यावी.

आता कर्ज. मला ज्यानं त्यानं स्वनिधीचं सांगितलं. पीएम स्वनिधी ही पथविक्रेत्यांसाठीची कर्ज योजना जून २०२० मध्ये आली. सुरुवातीला १०,०००, ते फेडलं की २०,००० आणि मग ५०,००० अशी रक्कम होती, पुढे ती वाढवून पहिलं कर्ज १५,००० चं झालं. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात सवलत आहे. योजना चांगलीच आहे. पण तिचा पाया २०१४ चा पथविक्रेता कायदा, आणि तो शहरांसाठी आहे. आजूबाजूच्या खेड्यातला माणूस नगर परिषदेच्या हद्दीत येऊन माल विकत असेल तर त्याला शिफारस पत्रावर ती मिळू शकते. आपल्याच गावच्या फाट्यावर उभं राहणाऱ्या बाईला नाही. हे मला शहरातल्या खिडकीवर नीट समजावून सांगितलं गेलं. तरीही मला त्याचं वाईट वाटतं. ऊन तेच, धूळ तीच, कढईही तीच, मग हद्दीच्या पाटीवरून फरक का पडावा?

आमच्यासाठी उरतात दोन वाटा. एक सरकारची मुद्रा कर्ज योजना, त्यातल्या शिशू गटात ५०,००० पर्यंत विनातारण कर्ज मिळतं. दुसरी वाट म्हणजे उमेद अभियानातला आपला बचत गट. मी गटातून १५,००० उचलले. बँकेत कागदांसाठी मजुरी बुडते. गटात माझी परतफेड सगळ्यांना ठाऊक होती, बैठकीत नुसता ठराव झाला. एवढ्या पैशात जुना चारचाकी ठेला आला, वेल्डरकडून वर टिनाचं छप्पर बसवलं, दोन बर्नरची भट्टी, मोठा गंज (पातेलं), परात, झारा घेतला. बाकी भांडी घरची.

गॅसच्या बाबतीत एक सांगते. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर ठेल्यावर लावणं नियमात बसत नाही, पकडला गेला तर जप्त होतो. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, तो महाग पडतो. सुरुवातीला अनामत भरायची ताकद नसेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, त्यावर चालवता येतं. मी तिथूनच सुरू केलं.

अन्न परवान्याची धास्ती सगळ्यांनाच असते, आणि ती विनाकारण आहे. छोट्या धंद्याला परवाना नाही, नोंदणी लागते. मी काढली तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असणाऱ्याला ही नोंदणी होती आणि तिची सरकारी फी वर्षाला १०० रुपये. आधार कार्ड, फोटो, जागेचा कागद, एवढ्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्कॉस पोर्टलवर अर्ज होतो. मी ज्या सेवा केंद्रात गेले तिथं पहिल्यांदा २,००० सांगितले. मी म्हटलं, "भाऊ, सरकारी फी किती आन् तुमची किती, ते येगयेगळं लिहून द्या." मग आकडा झपाट्यानं खाली आला. मोबाइल चालवता येणारी मुलगी घरात असेल तर तिच्याकडूनच भरून घ्यावा. १४ आकडी नंबर मिळतो, तो छापून ठेल्यावर दिसेल असा लावायचा. मी लावला त्या आठवड्यात शाळेतले एक सर थांबले, कागद वाचला आणि मग पोहे मागितले. त्या कागदाची किंमत मला त्या दिवशी कळली.

तर्रीबद्दल सांगायला मात्र मला आवडतं. चणे रात्री भिजत घालायचे, पहाटे मीठ घालून शिजवायचे आणि त्यांचं पाणी फेकायचं नाही. कांदा आणि सुकं खोबरं आधी कोरडं भाजून घ्यायचं, खोबरं तांबूस झालं पाहिजे, काळं नाही. धने, दगडफूल, तेजपान, लवंग, मिरे, थोडी खसखस, हा मसाला वेगळा भाजायचा. लसूण-आलं घालून सगळं बारीक वाटायचं. मग गंजात तेल तापवून वाटण मंद आचेवर परतत राहायचं. इथं घाई केली की तर्री गेली. वाटण आधी तेल पिऊन घेतं, कोरडं दिसायला लागतं, बुडाला धरू पाहतं. तेव्हा अजून तेल ओतायचा मोह होतो, तो आवरायचा आणि सराटा (उलथनं) चालू ठेवायचा. थोड्या वेळानं कडेनं तेच तेल परत सुटायला लागतं, वास बदलतो. तेव्हा तिखट घालायचं आणि लगेच चणे आणि त्यांचं गरम पाणी. तिखट तेलात जास्त वेळ राहिलं की करपून कडू होतं. थंड पाणी घातलं तर रंग मरतो. मी भिवापुरी मिरची वापरते, रंग आणि तिखटपणा दोन्ही त्यातच मिळतो. उकळी आली की आच बारीक करून ठेवायची, लाल थर आपोआप वर येतो.

पोहे जाडच घ्यावे, पातळ पोह्यांचा तर्रीत चिखल होतो. फोडणीचे पोहे परातीत ठेवून परात उकळत्या पाण्याच्या गंजावर ठेवायची, वर ओलं फडकं. दहापर्यंत मऊ राहतात. वर कांदा, शेव, सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि लिंबाची फोड.

खर्च असा बसतो. एका किलो पोह्यांत १३-१४ प्लेटी होतात, म्हणजे प्लेटीला पोहे ४ रुपयांचे. चणे दीड, तेल सव्वादोन, मसाला-खोबरं-लसूण दीड, वरचं सामान १, गॅस १, द्रोण आणि लाकडी चमचा पाऊण. झाले १२. यातलं तेल आणि कांदा दर महिन्याला हलतात, म्हणून मी हा हिशेब दर महिन्याला नव्यानं मांडते. उन्हाळ्यात एक लिंबू ८-१० रुपयांना होतं. तेव्हा फोड मागेल त्यालाच देते, पण मागितल्यावर नाही म्हणत नाही. चांगल्या सकाळी ५०-६० प्लेटी जातात. त्यातून जागेचं भाडं आणि माझं, नवऱ्याचं पेट्रोल काढून महिन्याला जे उरतं त्यात घराचा महिन्याचा खर्च बसतो. माझ्या मजुरीचा आकडा मी वहीत वेगळा लिहिते. घरच्यांना सुरुवातीला ते विचित्र वाटलं. मला तो आकडा डोळ्यांसमोर हवाच असतो.

आलूबोंडे फक्त बाजाराच्या दिवशी तळते. तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात पोटाला घातक घटक वाढत जातात. अन्न सुरक्षेच्या नियमात २०१८ पासून त्याची मर्यादा २५ टक्के ठरलेली आहे. आपल्याजवळ ते मोजायचं यंत्र नाही. म्हणून काळपट झालं, फेस यायला लागला की तेल बाद, आणि आजचं उरलेलं उद्याच्या कढईत जात नाही. त्यापायी रोज तळणं परवडत नाही, तर मी रोज तळत नाही. वर्तमानपत्राच्या कागदावरही काही देत नाही, शाई तेलात उतरते. पिण्याचं पाणी ग्रामपंचायतीच्या आरओचं, झाकणाच्या कॅनमध्ये.

उधारी हा गावातला सगळ्यात नाजूक विषय. शहरात अनोळखी माणसाला नाही म्हणता येतं. इथं समोर चुलतसासरे उभे असतात. मी एकच नियम केला : वेचणीच्या बायांना आठवड्याची उधारी, कारण त्यांची मजुरी आठवड्यानं होते आणि त्या बाजाराच्या दिवशी न मागता आणून देतात. बाकी कोणालाही नाही, घरच्या माणसालाही नाही. दोन घरं माझ्यावर रागावली. त्यातलं एक परत आलं.

लोक बोलले, तेही खरं. "शेतकऱ्याच्या घरची सून फाट्यावर ठेला लावते," हे आत्याबाईंच्या कानावर मुद्दाम घातलं गेलं. त्यांनी ओसरीवरूनच उत्तर दिलं, "चोरी करून रायली का थे? मेहनत करून रायली." दुसऱ्या दिवसापासून लसूण सोलायचं काम त्यांनी आपणहून घेतलं, ते अजून त्यांच्याकडेच आहे. हे पहाटे ठेला ढकलत नेतात आणि दहाला परत आणतात, मग दोघं वावरात.

वर्ष सारखं जात नाही. दसरा ते जानेवारी, वेचणीचे महिने सगळ्यात चांगले. पेरणीच्या दिवसांत फाटा ओस पडतो आणि मलाही सवड नसते, तेव्हा सरळ बंद ठेवते. पोळ्याला आणि महालक्ष्म्यांना बंद. झडीत, म्हणजे संततधार पावसात, प्लेटी दुपटीनं जातात, म्हणून छप्पर चांगलं पाहिजे, ताडपत्री बाजूला गुंडाळलेली पाहिजे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तर्री लवकर आंबते. तेव्हा निम्माच माल करते आणि साडेआठला आवरते. एवढं गणित आधी मनात धरलं तर मंदीच्या महिन्यात घाबरायला होत नाही.

गटाचं कर्ज फिटलं. आता गटातल्या आणखी एका बाईला पलीकडच्या फाट्यावर पाटोडी-रस्सा सुरू करायचा आहे, तिच्या कर्जाचा ठराव पुढच्या बैठकीत आहे. मी तिला माझी खर्चाची वही दिली आहे. तिच्या पाटोडीला बेसन लागेल, तेल जास्त लागेल, त्यामुळे आकडे तिला तिचेच काढावे लागतील. ती आज संध्याकाळी वही घेऊन येते आहे, सोबत बेसनाचा भाव विचारून.