खणातले पाकीट आणि श्रीखंडाचा डबा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी इंग्लंडमध्ये पोस्टाने घरी येते. जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवलेल्या 50 ते 74 वर्षांच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी शौचाचा नमुना घेऊन पाठवण्याचे एक पाकीट मिळते, पैसे पडत नाहीत, दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही. तरीही माझ्या सासऱ्यांचे पाकीट आमच्या स्वयंपाकघरातील खणात चार महिने पडून होते.

‘अगं, मला काही त्रासच नाही, तर तपासायचे काय?’ असे बाबांचे म्हणणे. वास्तविक ही तपासणी त्रास नसलेल्यांसाठीच असते. आतड्यातील गाठीचा कर्करोग व्हायला बहुधा कित्येक वर्षे लागतात आणि त्या काळात शौचातून जाणारे रक्त डोळ्यांना दिसेलच असे नाही. (दिसले, तर पाकिटाची वाट न पाहता जीपीकडे जायचे असते; आपल्याकडे मात्र ‘मूळव्याध असेल’ म्हणून विषय मिटतो.)

खरी अडचण त्यांनी मला नव्हे, माझ्या नवऱ्याला सांगितली. शौच भांड्यातल्या पाण्याला लागू न देता नमुना घ्यायचा कसा, हे इंग्रजी माहितीपत्रकातील चित्रांवरून त्यांना उमगले नव्हते. शेवटी शौच झेलायला श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन दिला. बाटलीच्या झाकणाला काडी असते, तिच्या टोकाच्या खाचा भरतील एवढाच नमुना घेऊन ती परत बाटलीत घालायची, बाटलीवर तारीख लिहायची आणि सोबतच्या पाकिटातून पाठवायची.

2019 पूर्वीच्या चाचणीत तीन वेळच्या शौचाचे नमुने पुठ्ठ्यावर लावावे लागत. एका नमुन्याची नवी चाचणी 2014 मध्ये प्रायोगिक स्वरूपात वापरली, तेव्हा प्रतिसाद, म्हणजे नमुना पाठवणाऱ्यांचे प्रमाण, सुमारे 59 टक्क्यांवरून 66 टक्क्यांवर गेला. दक्षिण आशियाई लोकांत तो कमी राहतो, त्याचे खापर नेहमी आपल्या लाजेवर फुटते. लाज असतेच, पण डब्याची युक्ती आपल्या भाषेत कुणी सांगितली, तर ती पुष्कळशी ओसरते, असे माझे मत आहे.

म्हणून यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही तिळगुळापासून दूर, वेगळ्या टेबलावर एक नमुन्याची बाटली ठेवली. आधी हशा झाला, मग प्रश्न सुरू झाले: पाकीट हरवले तर? फोन केल्यास दुसरे फुकट येते. पंचाहत्तरी उलटली तर? स्वतः मागवता येते. भारतातून भेटीला आलेल्या आईचे काय? तिला हे पाकीट येत नाही, आणि तिकडच्या सरकारी कार्यक्रमातही कर्करोगासाठी तिशीपासून तोंड, स्तन व गर्भाशयमुख एवढेच तपासले जाते.

नमुना पाठवणाऱ्या शंभरांतील सुमारे 98 जणांना पुढे काही करावे लागत नाही. उरलेल्यांना बहुधा कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठे आतडे आतून पाहण्यासाठी, बोलावतात, आणि त्यांतही बहुतेकांना कर्करोग नसतो. त्या आधी पोट साफ करण्याचे औषध, पथ्य आणि वेळा नीट समजाव्या लागतात. तिथे मुलाला दुभाषा करू नये. वडील मुलासमोर पोटाचे सगळे सांगत नाहीत. रुग्णालयाकडे मराठी दुभाषा मागता येतो, पण तो आधी मागावा लागतो.

बाबांना पुढील तपासणीची गरज नसल्याचे पत्र आले. दोन वर्षांनी दुसरे पाकीट आले तेव्हा ते खणात गेले नाही. डबा मात्र त्यांनी नवाच मागितला.