वाफसा नसलेल्या रानात जिप्सी घातली, त्याची गोष्ट

वाफसा म्हणजे पावसानंतर ओल बेताची होऊन रानात औत घालता येतं ती अवस्था. आधीच सांगून टाकतो, त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ अडकून पडलेली गाडी माझी होती, पावणेतीन तास, आणि चूक शंभर टक्के माझी. ग्रुपमधले लोक अजून मला 'फ्री' म्हणतात, का ते पुढं येईलच.

मी अंबाजोगाईचा, स्टेशनरीचं दुकान आहे, आणि ऑफरोडिंगशी, म्हणजे रस्ता सोडून रानात-चिखलात गाडी घालण्याशी, माझा संबंध मोबाईलवर व्हिडिओ बघण्यापुरता. पण जिप्सी लहानपणापासून डोक्यात बसलेली, मिलिटरीवाल्यांची गाडी म्हणून. मारुतीने ती १९८५ ला काढली आणि पुढं बंद केली, त्यामुळं आता घ्यायची म्हणजे जुनीच घ्यावी लागते. मला २००४ चं मॉडेल मिळालं, १.३ लिटरचं, पत्रा बरा, सीटा फाटलेल्या. बायको म्हणाली, ह्या डबड्याला एसी पण नाही आणि कमरेचं काय होईल ते वेगळंच. आधीच्या मालकाने पुढच्या दोन्ही चाकांना हाताने फिरवायचे हब, म्हणजे चाकाच्या मधोमधचे खटके, बसवलेले होते, ते त्याने मला दाखवले, मी मान हलवली, आणि विसरलो. हे लक्षात ठेवा.

मग दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाईकाने सांगितलं की पोळा झाला की पाटोदा तालुक्यात थार-जिप्सीवाले जमणार आहेत, या की. जागा म्हणजे ग्रुपमधल्याच एका दादाचं रान, बालाघाटाच्या डोंगराला लागून, वरती माळ, मधून एक वगळ म्हणजे ओढा, खाली काळी जमीन. नायगावचं मयूर अभयारण्य त्याच तालुक्यात असल्यामुळं त्यांची पहिली अट हीच की दादाच्या रानाच्या बाहेर कुणी टायर ठेवायचा नाही आणि पेरलेल्या ओळीत तर अजिबात नाही. मला हे आवडलं, कारण व्हिडिओत लोक कुठंही घुसतात आणि शिव्या मग सगळ्यांना बसतात.

पहाटे पाचला निघालो, केज, नेकनूर, मांजरसुंब्याला चहा, तिथंच सगळे भेटले. चौदा गाड्या. सात थार, दोन जिमनी, एक गुरखा, दोन जुन्या एमएम ५४०, एक बोलेरो (ती फक्त स्वयंपाकाचं सामान आणायला, तिला फोर बाय फोर नाही, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद जात नाही) आणि मी. माझी गाडी बघून ५४० वाल्या काकांनी बॉनेटवर थाप मारली, म्हणाले हलकी गाडी आहे, चिखलात हीच पळते, ह्या नव्या हत्तींचं काही खरं नाही. मी फुगलो. तिथूनच बिघडलं म्हणायचं.

रानात पोचल्यावर आधी मास्तरांचा क्लास. मास्तर म्हणजे आयटीआयवर शिकवणारे, ग्रुपचे कारभारी. पहिलं काम, सगळ्यांनी टायरची हवा कमी करायची, ३० वरून १८ वर, म्हणजे टायर पसरतो आणि जमीन धरतो. दुसरं, ओढायचा पट्टा चेसिसच्या हुकालाच लावायचा, बंपरला नाही, आणि ट्रॉली लावायच्या गोळ्याला तर मेलं तरी नाही, कारण तो तुटला तर तोफगोळ्यासारखा येतो. तिसरं, गाडी अडकली की बाहेरून एकच माणूस बोलणार, बाकीच्यांनी तोंड बंद. हा तिसरा नियम दिवसभरात कुणीही पाळला नाही. आपल्याकडं गाडी अडकली की काढणारा एक आणि "डावी मार, डावी मार" म्हणणारे तीस.

सकाळचा भाग भारी गेला. मुरमाचा चढ होता, खडे सटकायचे, दोन थार अर्ध्यातून मागं आल्या, आणि माझी जिप्सी फोर एल (फोर बाय फोरचा हळू पण ताकदीचा गिअर) टाकून खडखड करत वर. टाळ्या वगैरे. मग वगळ. तिथं आधी माणूस पाण्यात उतरवतात, काठी घेऊन, खड्डा कुठं, दगड कुठं बघायला, आणि मगच गाडी. नव्या थारचं कंपनी सांगते की ६५० मिलिमीटर पाण्यातून चालते, पण एक पोरगं जोशात जोरात घुसलं आणि पलीकडं निघालं तेव्हा पुढची नंबर प्लेट गायब. पाण्याच्या दाबाने निघते ती. वस्तीवरची तीन पोरं बघत बसली होती, त्यांनी चड्डीवर उड्या मारून पाच मिनिटात शोधून आणली आणि देताना आधी बिस्किटाचे पुडे मोजून घेतले. व्यवहाराला पक्की.

आता माझं.

वरच्या माळावरून जेवणाच्या जागेकडं यायला धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेने मुरमाची गाडीवाट होती. दादाने चार वेळा सांगितलं होतं, कडेकडेने या. पण मधोमध एक पट्टा यंदा पडीक ठेवलेला, पन्नास-साठ फूट रुंद, काळी जमीन, वरून वाळून भेगा पडायला लागलेल्या, म्हणजे दिसायला कोरडी ठक्क. दोन दिवसांपूर्वी पाऊस झालेला. मी म्हटलं हलकी गाडी, इथूनच आडवी काढू, आणि पोरं व्हिडिओ काढायलीच होती. घातली.

वीस फूट छान गेली. मग वरचा पापुद्रा फुटला. काळ्या मातीचं असं असतं की पाणी पिऊन ती फुगते आणि वरून वाळली तरी आत लोण्यासारखी राहते, टायरच्या खाचा भरल्या की टायर म्हणजे नुसता गुळगुळीत लाडू. मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, जे अजिबात करायचं नसतं, आणि दोन सेकंदात मागचा भाग खाली बसला. पोट टेकलं. दार उघडलं तर दार चिखलात घासलं.

डॉक्टर साहेब मदतीला आले, त्यांची काळी थार, नवी कोरी. मास्तर ओरडायले, येऊ नका, कडेला थांबा, पण डॉक्टरांनी काच वर होती म्हणून ऐकलं नाही असं नंतर सांगितलं. माझ्यापासून पंधरा फुटांवर त्यांची गाडी आडवी सरकली आणि शांतपणे रुतली. मला वाईट वाटायला पाहिजे होतं पण खरं सांगू का, जरा बरंच वाटलं.

गुरखावाला शहाणा, तो मुरमावरच थांबला. पण तिथून माझ्यापर्यंत ओढायचा एक पट्टा पुरेना, नऊ मीटरचे दोन जोडावे लागले. मध्ये लोखंडी शॅकल (जोडकडी) घालून पट्टे जोडायचे नसतात, पट्टा तुटला तर तो शॅकल उडून काच फोडून आत येतो. म्हणून दोन्ही फासे एकमेकांतून ओवायचे आणि मध्ये काहीतरी गुंडाळी ठेवायची, म्हणजे ताण बसल्यावर गाठ आवळून जात नाही. डॉक्टरांच्या डिकीत दवाखान्यातला जुना दिवाळी अंक निघाला, तोच गुंडाळून घातला. ओढलं. गुरखाची चाकं मुरूम उकरायली, माझी गाडी इंचभर हलली आणि परत बसली. अजून तीनदा. दिवाळी अंकातली राशिभविष्याची पानं बाहेर यायला लागली, कुणीतरी विचारलं, फ्रीची रास कोणती म्हणजे... नाही, तेव्हा अजून फ्री नाव पडलं नव्हतं, सॉरी.

मग खोरी घेऊन उकरणं सुरू. इथं मला खरंच सांगायचंय की मी त्या ग्रुपात त्या दिवशी नवा होतो, निम्म्यांना माझं नाव माहीत नव्हतं, तरी अकरा-बारा जण गुडघाभर राड्यात उतरले, एक इंजिनिअर, एक किराणावाला, एक कापड दुकानवाला पांढऱ्या पँटवर. पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) आणून चाकाखाली घातल्या, दगड घातले, सगळं गिळलं. माझ्या एका पायातली चप्पल पण गिळली, ती अजून तिथंच आहे.

शेवटी शेजारच्या रानातले मामा ट्रॅक्टर घेऊन आले. खाली उतरले, त्या पडीक पट्ट्यात पाऊल टाकून बघितलं, माती बोटांनी चोळली आणि म्हणाले,

"आवो, वाफसा तरी येऊ द्यायचा! आम्ही बैल घालत न्हाई ह्याच्यात अन् तुम्ही मोटर घातली?"

त्यांना म्हटलं ट्रॅक्टर आत घ्या. ते म्हणाले, "दिवाळीनंतर ट्रॅक्टर कारखान्याला ऊस वाहायला लावायचाय, क्लच प्लेट गेली तर भरून देताल का?" आणि मुरमावरूनच वायर रोप सोडला. पण ओढायच्या आधी त्यांनी जे करायला लावलं ते आम्ही दोन तासात केलं नव्हतं. चाकाखाली भर घालायचं सोडा, म्हणाले, चाकामागची माती काढा, पोटाखाली आडवं खोरं घालून हवा जाऊ द्या, चिखलाने धरलंय तिला, आणि पुढं नाही, ज्या चाकोरीने आली त्याच चाकोरीने मागं.

हे चालू असताना ५४० वाले काका बाजूला बसून बिडी ओढायले होते. मी स्टार्ट करून रिव्हर्स टाकला, चाकं फिरवली, आणि काका उठून आले.

"पुढची चाकं झोपलीत का रे?"

सगळे गप्प. काका वाकले. "हब लावलेत का?"

मी काहीच बोललो नाही. हब चाकाच्या मधोमध असतो आणि चिखल बरोबर तिथपर्यंत आलेला. घराच्या किल्लीने माती खरवडली तर खाली अक्षरं दिसली, इंग्रजीत, फ्री. दुसऱ्या चाकालाही फ्री. म्हणजे गाडीत बसून लिव्हर मी फोर बाय फोरला टाकला होता पण पुढच्या चाकांपर्यंत ताकद जातच नव्हती, सकाळचा तो टाळ्यांचा चढ सुद्धा नुसत्या मागच्या दोन चाकांवर चढलो होतो. ह्यावर लोक जे हसले. डॉक्टर तर स्वतःच्या रुतलेल्या थारच्या बॉनेटला धरून हसत होते. खटका मातीने आवळलेला, पक्कड लावून फिरवला, दोन्हीकडं लॉक. मास्तरांनी बघ्या पोरांना लांब पिटाळलं, मामांनी हळूच क्लच सोडला, मी हलका रिव्हर्स, आणि फचाक असा आवाज होऊन गाडी सुटली. तो आवाज मी विसरणार नाही. डॉक्टरांची थार नंतर गुरखाच्या विंचने (गाडीला बसवलेलं दोर गुंडाळून ओढायचं यंत्र) वीस मिनिटात निघाली.

मामांना पैसे देऊ केले, घेतले नाहीत. जेवायला मात्र बसले. येसर आमटी, बाजरीच्या भाकरी, ठेचा, कांदा, आणि साडेतीन वाजलेले त्यामुळं कुणी बोलतच नव्हतं. मामांनी डॉक्टरांना गाडीची किंमत विचारली आणि ऐकून म्हणाले, "एवढ्यात माझं ट्रॅक्टर नांगरासकट दोनदा आलं असतं, अन् ते निघालं बी असतं." डॉक्टरांनी मान खाली घालून अजून एक भाकरी घेतली.

निघताना हवा भरायचा माझा पंप बंद, फ्यूज उडालेला, त्या नंबर प्लेटवाल्या पोराने त्याचा दिला. हब फ्री करून निघालो, आता काय, आयुष्यभर विसरणार नाही. पण डांबरीवर पन्नासच्या पुढं गेलो की स्टिअरिंग असं थडथडायला लागलं की दातावर दात. मला वाटलं ॲक्सल वाकला, संपलं, बायकोला काय सांगू. मांजरसुंब्यापर्यंत चाळीसने आलो आणि रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीकडं लावली. त्याने चाकाखाली डोकं घातलं, मोठा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि रिमच्या आतल्या बाजूने वाळलेल्या काळ्या मातीची ढेकळं पाडायला लागला, एकेक पावशेर-अर्धा किलोचं. एका बाजूला वजन झालं की चाक उडतं म्हणे. चारही चाकं करून दिली, पन्नास रुपये.

ढेकूळ हातात घेऊन त्याने माझ्याकडं बघितलं, मी एका पायात चप्पल घालून उभा.

"कुणाच्या रानातली आणली एवढी?"

म्हटलं, पाटोद्याची. तो म्हणाला, "चांगली हाय. ज्वारी येईल."