दीपकाडीच्या मागचं बॅकग्राउंड ब्लर करताना

पावसाळा सुरू झाला की आमच्या राजापूरकडच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, दीपकाडी फुलते. पांढरं नाजूक फूल, पण फोटोत मागे गवताच्या काड्या आणि ओला कातळ इतका स्पष्ट येतो की फूल शोधावं लागतं. त्यासाठी महागडी लेन्सच पाहिजे असं सगळे सांगतात, मला ते काही पटत नव्हतं. माझ्याकडे किटवाली, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच आलेली १८-५५ मिमीची लेन्स आणि एक ५५-२५०, एवढंच.

किट लेन्सने ५५ वर एफ ५.६ (एफ नंबर जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं) ठेवून उभ्याने वरून फोटो काढला की फुलाच्या मागे वीतभरावर जमीनच असते, एवढ्या जवळचं ब्लर होणार तरी कसं. म्हणून कातळावर पालथी झोपले, कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणला आणि जमीन फ्रेममधून गेलीच, मागे आली ती लांबची करवंदीची जाळी, तिचा नुसता गडद हिरवा रंग झाला. लेन्स तीच, सेटिंग तेच! फक्त झोपायचं ते उघड्या कातळावर, फुलांवर नाही, एका फोटोपायी बाकीची झाडं चिरडणं मला बघवत नाही.

नंतर ५५-२५० लावली. फोकल लेंथला, म्हणजे लेन्सच्या ५५, २५० अशा मिमीच्या आकड्याला, एफ नंबरने भागलं की लेन्सचं खरं तोंड कळतं. ५५ ला एफ ५.६ म्हणजे जेमतेम १० मिमी, २५० ला तोच ५.६ म्हणजे जवळपास ४५ मिमी, आणि सगळे घ्यायला सांगतात ती ५० मिमी एफ १.८ भरते २८ मिमी. फूल फ्रेममध्ये तेवढंच मोठं ठेवलं तर खूप लांबचं बॅकग्राउंड किती ब्लर होणार ते या तोंडावर ठरतं, त्यामुळे मागे सरकून पूर्ण झूम केलं तेव्हा जाळीची पानंसुद्धा ओळखू येईनात.

पांढऱ्या फुलामागे पावसाळी आभाळ मात्र येऊ द्यायचं नाही, पाकळ्यांच्या कडा त्यात हरवतात, चार पावलं बाजूला सरकून मागे झाडी घ्यायची. आणि सड्यावर समुद्राचा वारा सतत, त्यामुळे शटर १/८०० सेकंदापेक्षा हळू मी नेत नाही, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. अगदी जवळून काढताना परागांपासून मागच्या पाकळीपर्यंत सगळं शार्प हवं असेल तर एफ ८ करते, मागची झाडी लांब असली की तेवढ्यानेही ब्लर फारसा कमी होत नाही.