शिफारसपत्रात विशेषणं नकोत, प्रसंग हवा

अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करताना आपल्याकडची शिफारसपत्रं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी घसरतात: ‘हुशार, मेहनती, नम्र’. हे कुणाच्या पत्रात नसतं? त्यापेक्षा सरांनी असं लिहावं: ‘लंबकाच्या प्रयोगात हिचं गुरुत्वत्वरण ९.८ऐवजी ९.५ आलं. इतरांनी आकडे जुळवले; हिने दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजल्याचं शोधलं आणि मापं पुन्हा घेतली.’ एवढ्यात मुलगी दिसते. मार्क पुन्हा सांगू नयेत, गुणपत्रिका सोबत असतेच. एक पान पुरतं.

शिक्षक शक्यतो अकरावी-बारावीचे निवडा. एमआयटीला एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या, दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांचं लागतं. खरी पंचाईत इथेच होते. कॉलेजात नावापुरती हजेरी आणि दिवसभर क्लास, मग ओळखणार कोण? प्राचार्यांचं गुळगुळीत पत्र त्यावर उपाय नाही.

१ नोव्हेंबरची मुदत असेल तर ऑगस्टमध्येच विचारा. सोबत अर्ध्या पानाचं टिपण द्या: त्यांच्या वर्गातले दोन-तीन प्रसंग, कॉलेजांची यादी, तारखा. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणाले तर हे टिपणच पुढे करा. पत्र आणि तुमचा निबंध एकाच हातचे वाटले की दोन्हींवरचा विश्वास जातो. कॉमन ॲपवर (एकाच अर्जातून अनेक कॉलेजांना अर्ज करण्याच्या संकेतस्थळावर) शिक्षकांना निमंत्रण पाठवण्याआधी फेर्पाचा, म्हणजे विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क देणाऱ्या अमेरिकी कायद्याचा, प्रश्न येतो. पत्र पाहण्याचा हक्क तिथे सोडून द्या. विद्यार्थ्याने न वाचलेल्या पत्राला वजन जास्त.