वाळवी: माती दिसते की दाणे पडतात?

नागपुरात वाळवी लागली म्हटलं की फरशीला भोकं पाडून औषध सोडायचं, हे ठरलेलंच. जमिनीतली असेल तर ठीक. लाकडातली असेल तर फरशी फुकट फुटते आणि कपाट पोखरणं सुरूच राहतं.

जमिनीतली म्हणजे आपली वारूळवाली, ओडोंटोटर्मिस ओबेसस. बांधावरची उंच वारुळं हिचीच. लाकूड, पालापाचोळा आत नेऊन त्यावर बुरशी पिकवते. ओलीशिवाय जगत नाही, म्हणून भिंतीवर चढते ती मातीच्या नळीतून. नळी बोटभर फोडा, पेन्सिलने खूण करा. दोन दिवसांत बुजली तर आत वर्दळ आहे.

दुसरी क्रिप्टोटर्मिस. हिला मातीशी देणंघेणं नाही. खाणं-राहणं सगळं त्याच कोरड्या फळीत. ही दमट किनारपट्टीवर जास्त, इकडे यायची तर जुन्या दिवाण-कपाटात बसून ट्रकने. हिच्यातल्या सैनिक वाळवीचं डोकं काळं, बुचासारखं, भोक बंद करण्यापुरतंच. कपाटाखाली खसखशीसारखी रास दिसली तर चिमटीत चोळा. कडक दाणे लागले, भिंगाखाली सहा बाजू दिसल्या तर ती हिची विष्ठा, म्हणजे हीच. पिठासारखी भुकटी निघाली तर ते भुंगेरे, वाळवी नव्हेच.

जमिनीतलीसाठी फरशी-भिंतीच्या सांध्यात दर 30 सेंमीवर 12 मिमीचं भोक, खालच्या मातीपर्यंत. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के हे कीटकनाशक, लिटरभर पाण्यात 2.1 मिली, भोकाला फार तर एक लिटर. फसतं ते बाहेरच्या कडेला, काळ्या मातीत. एप्रिल-मेत ती भेगाळते, औषध भेगेतून सरळ खाली उतरतं आणि मधली ढेकळं कोरडीच राहतात. भर पावसात तीच माती पाण्याने तुडुंब, औषध मुरतच नाही. दिवाळीच्या आसपास काम काढा. विहीर किंवा बोअर भिंतीला लागून असेल तर त्या बाजूला हात लावू नका.

लाकडातलीवर वरून फवारणी म्हणजे पैसे पाण्यात. पॉलिशच्या आत थेंबही जात नाही. पोकळीपर्यंत बारीक भोक पाडून सिरिंजने औषध सोडायचं आणि भोक लांबीने (पुट्टीने) बुजवायचं. पाट-चौरंगासारखी पातळ वस्तू काळ्या प्लास्टिकात गुंडाळून मेच्या उन्हात गच्चीवर ठेवता येते, पण गाभा 50 अंशांच्या वर तासभर तरी टिकायला हवा. सागवानी पलंगाचा चार इंची पाय वरून चटका देतो, आत मात्र तेवढा तापत नाही.