तांब्याच्या भांड्यातलं पाणी का पीत नाहीस? तुम्ही विचारलंत म्हणून

सांगली-मिरजेत कुणाकडेही गेलं आणि स्टीलच्या पेल्यात पाणी मागितलं की प्रश्न येतोच, "अगं तांब्याचं इतकं चांगलं असतं, तू का पीत नाहीस?" त्याच्यामागोमाग "गोळी अजून चालूच का?" आजवर हसून टाळलं, आता एकदाच लिहून टाकते.

मला विल्सन डिसीज आहे. अन्नातून आलेलं जास्तीचं तांबं यकृतानं पित्तातून बाहेर टाकायचं असतं, माझं टाकत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साठतं. तुमचं पाणी वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, रात्रभर ठेवलं तर त्यातले बरेच जंतू मरतात हे खरंय. पूर्वी मी सगळ्यांना भांडी मोडीत काढा म्हणत फिरायचे, ते जरा अतीच होतं. एका पेल्यानं मलाही बहुतेक काही होणार नाही. पण जे काढायला रोज गोळी घेते तेच वरनं ओतून का घेऊ?

सुरुवातीच्या गोळीचं नाव पेनिसिलामाइन, या आजारावर ती १९५६ साली जॉन वॉल्श यांनी आणली. तिला वास येतो म्हणायचात ना, तो गंधकाचा, आणि कामही गंधकच करतं. तांब्याचा आयन, म्हणजे चार्ज असलेला अणू, एरवी पाण्याच्या रेणूंनी वेढलेला असतो, हा गंधक भेटला की पाणी सोडून त्याच्याकडे जातो, त्याचा एक इलेक्ट्रॉन घेतो, दोन चार्जचा एक होतो, आणि एक चार्जवालं तांबं तर गंधकाला चिकटून बसतं, सोडत नाही. इलेक्ट्रॉन गेलेले गंधक आपापसात जोड्या करतात. पकडलेलं तांबं लघवीवाटे बाहेर.

हे सगळं मला आधीपासनं येत होतं, बीएस्सी केमिस्ट्रीच होते, लॅबमध्ये ब्युरेटचा, म्हणजे थेंब थेंब द्रव सोडायच्या काचनळीचा, कॉक फिरवताना हात थरथरतो म्हणून तर दाखवायला गेले. डोळ्यात तांब्याची कडी दिसली, गोळ्या सुरू झाल्या, आणि मी आणखी बिघडले. सुटलेलं तांबं काही दिवस मेंदूकडे जास्त जातं असं मानतात, डॉक्टरांनी तशी कल्पना दिलीही होती, पण घरात ते कोण लक्षात ठेवणार? एका संध्याकाळी आत्या आली, मला बघितलं, म्हणाली ही गोळीच बाधलीय पोरीला, आजपासनं बंद करा, सकाळी तांब्याचं पाणी द्या. बाबा गप्प, मोठ्या बहिणीपुढं ते कधी बोललेच नाहीत. मी सांगायला लागले की आत्या थांब, असं होतं सुरुवातीला, पण तोंडातनं नुसता चिखल येत होता, लाळ गळत होती, आणि आत्याला वाटलं मी रडतेय, तिनं मला जवळ घेतलं. मग पेन मागितला. अक्षर मलाच वाचता येईना. अख्खी केमिस्ट्री डोक्यात आणि जीभ नाही, हात नाही. शेवटी आई उठली, तिला यातलं काही कळत नव्हतं, म्हणाली बिघडेल असं डॉक्टर बोलले होते ना, मग बिघडू दे, आणि माझ्या हातावर गोळी ठेवली. बोलणं सरळ व्हायला पुढं कितीतरी महिने गेले.

आता झिंक चालू आहे. त्यानं आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन बनवतात, साठेक अमिनो आम्लांत २० सिस्टीन, म्हणजे परत गंधकच, ते तांबं तिथंच अडवतं आणि पेशी झडल्या की शौचावाटे जातं. त्यामुळं हो, चालूच आहे, जन्मभर.

आणखी एक प्रश्न तुम्ही मला नाही, आईला विचारता, लग्न नात्यातच झालं का? हो, ती बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. दोघंही वाहक, म्हणजे बिघडलेला जीन एकेरी असलेले, स्वतःला आजार नसलेले, आणि प्रत्येक मुलाला आजाराची चारात एक शक्यता. यावरनं मी आईबाबांना खूप बोललेय. कधी वाटतं त्यांना काय माहीत होतं, कधी वाटतं नसेना का माहीत.

आता आत्यानं माझ्या धाकट्या बहिणीला मुलासाठी मागणी घातलीय. बहिणीला आजार नाही, पण ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. मी म्हटलं आधी दोघांची जीन टेस्ट करा. आत्या दुखावली, आमच्या घराण्यात असलं काही नाही म्हणाली. बहीण काहीच बोलत नाही. आणि मी नको म्हणतेय ते जीनमुळं की त्या संध्याकाळमुळं, हे मला विचारलंत तर छातीठोक सांगता येणार नाही.